लहानीच्या दारातली सायकल

बाबा, तुमची मोठी लेक गेली. दिवाळीच्या आधी, धान कापाच्या गर्दीत. ताप आला, दवाखान्यात नेलं, तिथून तशीच आणली. मी तिच्या सासरी गेलो, खांदा देला, नदीवर आंघोळ केली, अन् दुसऱ्या दिवशी आपल्या धानाच्या बांधीत उभा झालो. रडू आलं नाही. लोक म्हणत, माणूस मोठा घट्ट आहे. घट्ट बिट्ट काही नाही, आत काही हाललंच नाही. सुनेनं विचारलं जेवता का, तं जेवलो. मंग दिवाळी झाली, गावच्या मंडईची, दिवाळीनंतरच्या जत्रेची, तारीख निघाली, अन् सकाळी सवयीनं सायकल बाहेर काढून पुसत बसलो तवा समजलं का आता आणाले जायचं कोणाले.

मंडई म्हणजे लेकीबाळी माहेरी, हे तुमच्या वेळेपासून. तुम्ही आत्याले आणाले जात. माह्या पायात जोर आला तसं मोठीले मीच आणत आलो. सायकल तीच आहे. चाकं बदलली, सीट बदलली, डंडा तुमचाच आहे. कॅरिअरवर पोत्याची घडी, मोठी मागं एका बाजूनं बसलेली, चढाव आला का न सांगता उतरणार, वर आलो का चालत्या सायकलवर उडी मारून बसणार. म्हातारी झाली तरी तसंच. माहा पोरगा म्हणे, आत्याले गाडीवर आणतो ना मी. ती म्हणे, तुही गाडी बोलू देत नाही बाप्पा, नुसती पळते. रस्त्यानं आम्ही खूप बोलत होतो असंही नाही. तिनं एखाद्या गावच्या तलावाकडं पाहून म्हणावं, यंदा पाणी कमी आहे. मी म्हणावं, हो. असं आपलं गाव येत होतं.

लहानीले कोणी आणलं नाही. त्याचं कारण तुमाले माहीत आहे.

तो दिवस मले दिसते. तुम्ही अंगणात सायकल उलटी टाकून बसले आहा, चैनले तेल देऊन राहिले. माय चुलीपाशी आहे, चुलीवर भात चढला आहे अन् ती त्याच्याकडं पाहून नाही राहिली, खालून लागल्याचा वास येऊन राहिला. लहानी आदल्या दिवशी गेली होती. चिखल्याच्या खदानीतल्या पोट्ट्यासंगं, जात दुसरी. मी म्हणतो, बाबा, जाऊन पाहू का? तुम्ही पैडल फिरवता, चाक गरगर फिरते, अन् चाकाकडं पाहूनच बोलता. "तिच्या दारात आपली सायकल उभी नाही झाली पाहिजे. ना माही, ना तुही." मंग मायले म्हणता, भात पाहा. बस. ना शिवी, ना आरडाओरडा. तुम्ही ओरडले असते तं मी बी ओरडलो असतो. त्या एका वाक्याले उत्तर नव्हतं, म्हणून मी पाळलं. तुम्ही गेले तवाही पाळलं, माय गेली तवाही. पाळून पाळून ते वाक्य भिंतीसारखं झालं, रोज दिसते म्हणून कोणी पाहत नाही.

तं यंदा निघालो. पोराले सांगतलं, तुमसरले काम आहे. अंधारातच निघालो, तुम्ही निघत तसा. नदीच्या पुलावर धुकं होतं. आता रस्ते सिमेंटचे झाले, सायकल गुडघ्याले त्रास देत नाही पण टायर खाते. धान कापून पडलेले, बांध्या मोकळ्या, एखादा बगळा. पहिले गावागावात कुत्रे मागं लागत, आता कुत्र्यांलेही सायकलीची सवय राहिली नाही, पाहत बसतात. तुमसर सोडलं, मंग डोंगर दिसाले लागला अन् डोंगरावर आंबागडचा किल्ला. त्याच्या खालच्या एका गावात लहानी राहते. जवाई खदानीतून रिटायर झाला, कंपनीचा क्वार्टर सुटला, तिथं घर बांधलं. हे मले मोठीनंच सांगतलं होतं, एकदा, चढावावर उतरता उतरता.

किल्ल्याच्या पायथ्याशी नागपूरचे सायकलवाले भेटले. सात-आठ जण, डोक्यावर टोपलं, अंगाले चिकटलेले कपडे, सायकलची किंमत आपल्या बैलजोडीइतकी असन. त्यातला एक म्हणे, "काका, रोज किती किलोमीटर करता?"

म्हटलं, "किलोमीटर नाही करत. कामाले जातो."

"अन् गिअर कुठं आहेत तुमच्या सायकलले?"

"गुडघ्यात."

सारे हासले. एक पोरगी म्हणे, काका एक फोटो. म्हटलं, काढ लवकर. तिनं सांगतलं का असे जुने गाव, किल्ले पाहत सायकल चालवली का मन शांत होते. मी म्हटलं, होत असन. माहं मन शांतच होतं. एवढं शांत का मलेच बरं वाटत नव्हतं.

गावात शिरलो. विचारत विचारत तिच्या गल्लीच्या तोंडाशी आलो, अन् पाहा बाबा, तिथं मी उतरलो. गल्लीच्या तोंडाशी बोरिंग आहे, त्याच्या बाजूले बेशरमाच्या झुडपांचं कुंपण. सायकल त्या कुंपणाले टेकवली, कुलूप लावलं अन् पायी गेलो. घर सात-आठ घरं आत. मले तवा ते बराबर वाटलं. म्हटलं, जाणंही होईन अन् बाबाचं वाक्यही राहीन.

लहानी अंगणात सुपानं धान पाखडून राहिली होती. केस पांढरे, अंगानं मायसारखी झाली. ओळखलं तिनं, पण सूप थांबलं नाही.

"पायी आला का रे भाऊ एवढ्या दुरून?"

"सायकल आहे."

"कुठं आहे?"

"तिकडं, बोरिंगपाशी."

आता सूप थांबलं. तिले ते वाक्य माहीत होतं, मोठीनं कधी तरी सांगतलं असन. माह्याकडं पाहिलं अन् म्हणे, "मंग पाय कायले आणले दारात? पायाचं बाबा काही बोलले नव्हते का?"

ती उठली, हात पुढं केला, "चाबी दे." देली. गुडघा धरत धरत गेली, कुलूप काढलं, अन् भर गल्लीतून सायकल हातात धरून आणली. शेजारच्या बाया पाहून राहिल्या. एकीनं विचारलं, कोण आलं वं? लहानी म्हणे, "माहा भाऊ आला. लाजून राहिला, म्हणून त्याची सायकल मी आणून राहिली." दारासमोर आणली, स्टँडवर लावली, हात झटकले. "हे पाहा, उभी झाली. आता वरून बाबा काय फेकतात ते पाहू."

तुमचा जवाई बाजेवर बसला होता. खदानीनं त्याचे कान गेले. त्यानं या म्हटलं अन् बाजेवर सरकून जागा केली. मंग उठला, मागचं चाक अंगठ्यानं दाबून पाहिलं, घरातून पंप आणला, हवा भरली. मले तेवढंच बरं वाटलं. कोणी गळ्यात पडलं असतं तं मी लगेच निघालो असतो.

मी म्हटलं, "मोठी गेली."

"माहीत आहे. तुमसरच्या बाजारात समजलं. घरी आली अन् आंघोळ केली. दहा दिवस सुतक पाळलं." धानातला खडा काढून फेकला. "बाबा गेले तवाही केली. चिखल्याच्या कॉलनीतल्या नळावर. थंडी होती. बाया म्हणत, आता कायले आंघोळ करून राहिली? म्हटलं, सहज."

तिनं हे सांगतलं जसं कोणी सांगते का काल भाजी कोणती केली. तुमच्या नावानं ती तिथं ओली उभी होती अन् इकडं तेरवीले तिचं नावही निघालं नाही. मी पिठलं-भात खाल्लो, पाणी पेलो. वरून काही पडलं नाही.

मंग कामाचं बोललो. "मंडईले आणाले आलो तुले."

"घरी सांगून आला का?"

"तुमसरले जातो म्हटलं."

तिनं सूप भिंतीले उभं केलं. मंग म्हणे, "मी एकदा लपून गेली, भाऊ. आता लपून नाही येत. घरी सांग, सुनेले सांग, चार लोकात सांग. मंग ये. नाही जमलं तं राहू दे, सायकल उभी झाली तेवढं बहुत झालं."

येताना पाय भरून आले. रस्ताभर मी तेच ठरवत होतो का कसं सांगायचं. आपल्या घरात तिचं नाव काढाले तोंड कसं उघडते, तेच मी विसरलो होतो. रात्री जमलं नाही. आज सकाळी शेजारचे दोघं-तिघं अंगणात बसले होते, पोरगा होता, सून च्या घेऊन आली. म्हटलं, यंदा मंडईले माह्या लहान्या बहिणीले आणतो.

पोरगा म्हणे, "लहान्या आत्याले ना? आणू ना. गाडी सांगतो उद्या, तिच्याच्यानं सायकलवर बसणं होईन का आता?"

शेजारी म्हणे, हो, आणा. अन् धानाच्या भावाचं बोलाले लागला. एवढंच झालं, बाबा. एवढे वर्ष मी जी भिंत धरून उभा होतो, तिच्या पलीकडं कोणी नव्हतं.

आता कागद घेऊन बसलो. सातवीनंतर एवढं कधी लिहिलं नाही. हा कोणाले वाचाले देणार नाही, अन् तुमाले पोचवाची सोय नाही. पोरानं विचारलं, काय लिहून राहिले? म्हटलं, सोसायटीचा अर्ज. तुमच्यावर राग आहे का म्हणून मी मनाले विचारलं, तं नाही. आला असता तं बरं झालं असतं.

एक सांगायचं राहिलं. मी लहान्या बहिणीचं बोललो तवा सून च्याचे कप ठेवता ठेवता थांबली. या घरात तिले बारा-पंधरा वर्ष झाले. म्हणे, "बाबा, कोणती लहानी बहीण?" मी पाणी भराच्या निमित्तानं घरामागं गेलो, अन् बादली भरून वाहून राहिली तरी, माहा आवाज घरात जाऊ नये म्हणून, नळ बंद केला नाही.