दिवा गेला, बिघाड गेला

१ तारीख, शनिवार (सुट्टी), सकाळी ७.
गाडी दारात आली! लाल रंग, दोन लिटरचं इंजिन, टर्बो, आणि सीट फक्त दोन. आधीचा मालक किल्ली देताना गहिवरल्यासारखा दिसत होता. बायकोच्या मते तो हसू दाबत होता. बायकोला माणसं ओळखता येत नाहीत.
मुलीला पहिली नोकरी लागलीय, दोनशे दहा किलोमीटरवर. २८ तारखेला दुपारी दोनच्या आत हजर व्हायचंय. सामान ट्रान्सपोर्टने पुढे जाईल. तिला मी सोडणार, याच गाडीतून, आम्ही दोघंच. शब्द दिलाय. तिच्या शाळेच्या बारा वर्षांत मी तिला एकदाही शाळेत सोडलं नाही. फॅक्टरीची पहिली शिफ्ट सातची, त्याला मी काय करणार? आता सगळी भरपाई एका फेरीत.
गाडीत दोष शून्य. तरी थोडी सुधारणा करावी म्हणतो.

२ तारीख, रविवार.
साधा एअर फिल्टर काढून स्पोर्ट्स फिल्टर बसवला. स्वतः! व्हिडिओतल्या माणसाची भाषा कळत नव्हती, पण हात कळत होते. त्याला चाळीस मिनिटं लागली. मला पाच तास, कारण मी काळजीपूर्वक काम करतो. मध्ये टर्बोचा एक जाड रबरी पाइप येत होता. तो काढला, परत लावला, तो धरून ठेवणारा क्लॅम्प हातानेच आवळला. पान्याने पिळत बसणं हे अडाण्यांचं काम.
बाटल्यांच्या झाकणांच्या फॅक्टरीत बावीस वर्षं क्वालिटी कंट्रोल बघतोय. शंभरातलं एक वाकडं झाकण नुसत्या नजरेने बाजूला काढतो. इंजिन म्हणजे तरी काय, जरा मोठं झाकण.

३ तारीख.
ॲक्सिलरेटर दिला की फुस्स असा आवाज येतो. परफॉर्मन्स गाडीचा श्वास असा ऐकू येतोच. बायकोने खाली वाकून गाडीखाली मांजर आहे का ते बघितलं.
डॅशबोर्डवर इंजिनचा पिवळा दिवा लागलाय. बहुधा नवीन फिल्टरची दखल घेतली असावी.

४ तारीख.
स्कॅनर आणला. स्टिअरिंगखाली खोचायचा, की गाडी स्वतःच आपला आजार नंबरासकट सांगते. हवा आणि पेट्रोलचं प्रमाण बिघडल्याचा नंबर आला. खाली एक बटण होतं, ‘क्लिअर’. दाबलं. दिवा गेला. बिघाड गेला. लागलेला वेळ चार सेकंद. एवढ्यासाठी मेकॅनिक लोक दोन-दोन दिवस गाडी अडकवून ठेवतात!

५ तारीख.
दिवा परत लागला. नवीन बिघाड. नंबर कालचाच आहे, पण तो योगायोग. क्लिअर केलं.

६ तारीख.
क्लिअर केलं.

७ तारीख.
सकाळी क्लिअर, संध्याकाळी क्लिअर. आता दात घासण्याच्या वेळेलाच बसवून टाकलंय. शिस्त असली की गाडी सुतासारखी सरळ येते.

९ तारीख, रविवार.
मुळावरच घाव घालायचं ठरवून चारही स्पार्क प्लग बदलले. एक हातातून निसटून फरशीवर पडला. पांढऱ्या भागाला केसाएवढी चीर दिसली, पण चारच आणले होते. केसाएवढ्या चिरेने काय होणार? शिवाय ती चीर आत बसल्यावर दिसतही नाही.
आता गाडी उभ्या उभ्या थरथरते. पेट्रोलपंपवाल्याने नक्की भेसळ केलीय. स्कॅनर दोन नंबर दाखवतो. दोन्ही एकाच बटणाने जातात, हे चांगलं.

११ तारीख.
इंजिन ऑइल एक लिटर जास्तच घातलं. कमी पडण्यापेक्षा बरं. गाडी घेऊन फॅक्टरीत गेलो. मागे निळा धूर. गेटवरच्या वॉचमनने आज फायर ड्रिल आहे का असं विचारलं. मॅनेजरसाहेब खिडकीत उभे होते. म्हणाले, गाडी दिसली नाही, पण आलात हे कळलं. गाडीचं कौतुक करायची त्यांची स्वतःची अशी एक पद्धत आहे.

१४ तारीख.
कोपऱ्यावरचा म्हातारा मेकॅनिक दारावरून जाताना थांबला. म्हणाला, साहेब, दोन मिनिटं चालू ठेवा, ऐकून सांगतो. आणि खरोखर कानाला हात लावून उभा राहिला! स्कॅनर आहे का विचारलं. नाही म्हणाला. या जमान्यात कानाने गाडी तपासणार! मी नम्रपणे बॉनेट बंद केलं.
बायको म्हणाली की तिची गाडी अकरा वर्षं तोच बघतो आणि ती एकदाही रस्त्यात बंद पडली नाही. मी समजावलं की तिची गाडी ही गाडीच नाही, चाकं लावलेला मिक्सर आहे. त्यावर ती त्या मिक्सरमधून भाजी आणायला निघून गेली.

१६ तारीख, रविवार.
हायवेवर ट्रायल. साठच्या वर गाडी जाईना. टेम्पोने ओव्हरटेक केलं. मग पोरांच्या सहलीच्या बसने केलं. मागच्या काचेतून पोरांनी खूप वेळ हात हलवले. पोरांना गाडी फार आवडली.
वाचनातून कळलं की इंजिनला धोका वाटला की गाडी स्वतःच वेग कमी करते. म्हणजे गाडी बुद्धिमान आहे. मी उगाच चिंता करत होतो.

२० तारीख.
पन्नासच्या वेगाने दोनशे दहा किलोमीटर म्हणजे साधारण सव्वाचार तास. सकाळी लवकर निघालं की झालं. घाईघाईने जाण्यात काय मजा? गप्पा होतील.
मुलीने हळूच विचारलं, बाबा, बसचं तिकीट काढून ठेवू का, नुसतं हाताशी असावं म्हणून? मला लागलं ते. तिला सांगितलं की तू गाडीवर नाही, माझ्यावर अविश्वास दाखवतेयस. तिकीट काढणार नाही म्हणाली.

२३ तारीख, रविवार.
आज धूर तपासणारा ऑक्सिजन सेन्सर बदलला. खाली हात पोचत नव्हता, उजेडही नव्हता, म्हणून मुलगी आपण होऊन टॉर्च धरून उभी राहिली. तासभर. मध्येच तिने विचारलं की वाकडं झाकण नजरेने कसं ओळखतात. बावीस वर्षांत घरात हे कुणी विचारलं नव्हतं. सांगितलं की झाकणाकडे बघायचंच नाही, त्याच्या कडेवर पडलेल्या उजेडाकडे बघायचं. उजेड एका जागी तुटतो. तिने टॉर्च जरा वळवली आणि म्हणाली, कळलं. एवढंच बोलणं झालं. पण खरं सांगायचं तर या महिन्यातला सगळ्यात चांगला तास तोच होता. पान्याने बोट सोलवटलं, तेसुद्धा नंतर लक्षात आलं.
सेन्सर नवा, नंबर तोच. क्लिअर केलं.

२५ तारीख.
पिवळा दिवा आता क्लिअर केल्यावर पाच मिनिटांत लागतो. गाडी चालवताना डोळ्यांना फार त्रास होतो. त्यावर काळी टेप लावली. दुरुस्ती म्हणून नाही, डोळ्यांची काळजी म्हणून.
फॅक्टरीत भयंकर प्रकार. तीन नंबरच्या मशीनवरच्या ऑपरेटरने अलार्मच्या दिव्यावर कागद चिकटवून ठेवला होता. का, तर डोळ्यांत जातो म्हणे! चार हजार झाकणं वाकडी निघाली. सगळ्यांसमोर झापला त्याला आणि मेमो हातात ठेवला. असली माणसं घरी तरी कशी वागत असतील?

२७ तारीख.
गाडी धुतली, पॉलिश केली. काम नव्व्याण्णव टक्के पूर्ण. उरलेला एक टक्का आवाज, धूर आणि वेग.

२८ तारीख, पहाटे ५.४०.
निघतोय. मुलगी एक बॅग मांडीवर घेऊन बसलीय, कारण डिकीत हत्यारं आहेत. बायको फाटकापर्यंतच आली. बाहेर जायचे कपडे घालून होती. एवढ्या सकाळी? असेल काहीतरी.

२८ तारीख, सकाळी ११.
नऊ किलोमीटर.
उड्डाणपुलाच्या चढावर आचके बसले, काळा धूर आला आणि गाडी थांबली. स्कॅनर लावला. क्लिअर. परत क्लिअर. चौदा वेळा दाबलं. मुलगी कठड्याजवळ उभी होती. एकदाही घड्याळाकडे बघितलं नाही तिने. मुद्दाम बघत नव्हती, हे मला दिसत होतं. पंधराव्या वेळी तिने माझ्या हातावर हात ठेवला आणि म्हणाली, बाबा, राहू दे, आईला बोलावते.
बायको बारा मिनिटांत, सातच्या आत आली. टाकी फुल्ल, पाण्याची बाटली भरलेली, मुलीचं आवडतं बिस्किटांचं पाकीट समोर ठेवलेलं. मी म्हटलं, एवढ्या लवकर कशी आलीस? म्हणाली, जागीच होते. टोमणा मारला असता तर बरं झालं असतं. नाही मारला.
मागची सीट बॅगेने आणि हवेच्या पंपाने भरलेली. मी बॅग मांडीवर घेऊन येतो म्हणालो. मग ही लाल गाडी पुलावर कोण सांभाळणार, असं बायकोने विचारलं. मुलगी म्हणाली, पुढच्या वेळी, बाबा. आणि माझ्या काळ्या झालेल्या हातात हात देऊन गेली.
पुढच्या वेळी म्हणजे कधी, ते विचारायचं राहिलं. पहिल्यांदा घराबाहेर एकदाच जातात.

२९ तारीख, शनिवार.
कोपऱ्यावरच्या मेकॅनिकने काल दोरी बांधून गाडी आणली. आज बघितली. म्हणजे ऐकली. कानाला हात, मग स्क्रूड्रायव्हर, मग दोन मिनिटांत तो जाड रबरी पाइप हातात. क्लॅम्प सैल. हवा तिथूनच जात होती, पहिल्या दिवसापासून. चिरलेला प्लग बदलला, जास्तीचं ऑइल काढलं. एकूण चाळीस मिनिटं.
त्याने विचारलं, साहेब, हा पाइप कुणी खोलला होता? मी म्हणालो, आधीच्या मालकाने. तो म्हणाला, हात नवखा दिसतो. मी म्हणालो, हो, फार निष्काळजी माणूस होता.
मग त्याने डॅशबोर्डवरची काळी टेप नखाने सोलली, तिची गोळी केली आणि माझ्या हातात दिली. ऑपरेटरचा मेमो सोमवारी परत घ्यावा की काय, असा एक विचार मनात येऊन गेला. बघू.

३० तारीख, रविवार.
गाडी वाऱ्यासारखी पळते! दिवा नाही, फुस्स नाही, धूर नाही. मुलीला फोन केला. रूममेटबरोबर बादली आणि हँगर घ्यायला बाहेर पडली होती. नंतर बोलू म्हणाली, आवाजात खूश होती. इंजिनचा आवाज रेकॉर्ड करून पाठवला. तिने अंगठा पाठवला.
बायको म्हणाली, गाडी बाहेर काढलीच आहे तर तांदूळ आणा. दहा किलोची पिशवी घेतली. डिकीत अजून हत्यारंच, म्हणून शेजारच्या सीटवर ठेवली. निघालो तर गाडी टुण टुण करायला लागली. आधी वाटलं, नवा बिघाड. स्कॅनर लावला. नंबर शून्य. मग कळलं. तिला वाटत होतं, शेजारी कुणीतरी बसलंय आणि बेल्ट लावलेला नाही.
रस्त्याच्या कडेला थांबलो. तांदळाला बेल्ट लावला. गाडी गप्प झाली आणि आम्ही दोघं घरी आलो.