सात बापांची नावं

अस्ताना,
रविवार, १६ नोव्हेंबर

बाबा,

सलाम. गुडघे कसे आहेत? करडी घोडी गाभण असल्याचं आत्याकडून कळलं. इथे नदी गोठली. मी बरी आहे. तुम्ही माझा फोन उचलत नाही म्हणून हे पत्र. फाडायचं तर फाडा, पण आधी वाचा.

नोकरी घरूनच चालते. शेजारच्या बिबिगुलआपांची टपालखात्यातली नोकरी सुटली, तर आता पन्नाशीत प्रोग्रॅमिंग शिकायला निघाल्यात. अडलं की बाउरसाक तळून माझ्याकडे येतात. त्या आल्या नाहीत तर अख्ख्या दिवसात माझ्याशी कुणी बोलत नाही.

काल त्यांना अभ्यास होता: नाव दिलं की वरच्या सात पिढ्यांच्या बापांची नावं सांगणारं फंक्शन, पण लूप न वापरता. त्यांनी तर लूप लावून सात फेऱ्या मारून ठेवलेल्या. मी म्हटलं, "आपा, फेऱ्या नकोत. प्रत्येकाने आपल्या बापाचं नाव सांगायचं आणि पुढचं त्यालाच विचारायचं. तो त्याच्या बापाला विचारेल."

"आणि थांबायचं कुणी? आदमबाबांनी?"

किती दिवसांनी हसले, बाबा! मग थांबायची अट घातली. सात झाले की थांब, नाहीतर बापाची जागा रिकामी असेल तिथे थांब.

तपासायला मी आपल्या घराण्याची नावं भरली. घोड्यांना पाणी पाजताना तुम्ही ती माझ्याकडून पाठ करून घ्यायचात. आजी म्हणायची, "पोरीला कशाला?" तुम्ही म्हणायचात, "का, तिला तोंड नाही?" एकही नाव अडलं नाही.

"आता ह्याचं घाल," म्हणत आपांनी माझ्या मांडीवरच्या एरनारचा गालगुच्चा घेतला.

हो, त्याचं नाव एरनार. तुम्ही विचारलं नाहीत, मी सांगितलं नाही. दोन दात आलेत त्याला.

पडद्यावर 'एरनार' एवढंच उमटलं आणि सगळं थांबलं. फंक्शन बरोबर होतं. आपा चहा ओतत बसल्या.

"त्याचा बाप कोण ते सांग, मगच उंबरठा ओलांड," असं तुम्ही म्हणाला होतात. सांगून काय करू? त्या माणसाचा संसार आहे, आणि पोराला नाव द्यायला त्याने साफ नकार दिला. मी फसले, बाबा. आणि फार एकटी पडले.

जाताना आपा म्हणाल्या, "आमच्या गावात अशा लेकराला आजोबाचं नाव लावायचे. विचार तर म्हाताऱ्याला! खाणार आहे का तुला?" मी नुसतं बघायला म्हणून त्या जागी 'सेयितकाली' लिहिलं. नावं झरझर खाली उतरली. आपांनी दारातून परत येऊन ती मोठ्याने वाचली. एरनार टाळ्या पिटायला लागला.

मग मी ते पुसलं. तुम्ही हो म्हटल्याशिवाय तुमचं नाव लावणार नाही. जागा रिकामी ठेवली आहे.

तुम्ही काहीही ठरवलंत तरी,
सेयितकालीचीच,
गौहर