अडुसष्ट किलो गूळ

आई, तुझ्या मुलाचं वजन गेलं दीड वर्ष अडुसष्ट किलोवर थांबलं आहे. किलो म्हणजे काय ते तुला ठाऊक नाही. तू गेलीस, मग शेर गेले, मग हे आले. एवढंच समज, की मध्यंतरी मी चौऱ्याऐंशीपर्यंत पोचलो होतो, आणि फळ्यावर सुभाषित लिहायला वळलो की मागच्या दोन बाकांना फळा दिसत नसे. मुलांची त्याला तक्रार नव्हती.

तक्रार अंगठ्याची निघाली. वहाणेनं पाय घासला आणि जखम भरेचना. डॉक्टर म्हणाले, "मास्तर, रक्तात साखर आहे. वजन जाऊ द्या, नाहीतर अंगठा जाईल." मी घाबरलो आणि घाबरलेला माणूस फार आज्ञाधारक असतो. चहातली साखर सुटली, तिसरी भाकरी सुटली, शेंगांच्या चटणीवरची तेलाची धार सुटली, शाळेला पायी जाऊ लागलो. वर्षभरात उतरलो, अंगठाही भरून आला. गल्लीत कौतुक झालं. मी पेढे वाटणार होतो, तेवढ्यात डॉक्टर म्हणाले, "छान. आता इथंच राहायचं."

"किती दिवस?"

"जन्मभर."

पाठशाळेत असंच असायचं बघ. पाठ करणं वर्षाचं काम, पाठ ठेवणं जन्माचं. आणि रोजच्या आवृत्तीला शाबासकी कुणी देत नाही. वजन उतरत होतं तेव्हा लोक विचारायचे, आता ते जागच्या जागी आहे म्हणून कोण विचारणार? एकटे समोरचे सुताचे व्यापारी विचारतात. दर सोमवारी शाळेत जाताना मी त्यांच्या गोदामातल्या मोठ्या तागडीत बसतो. "मास्तर, हलू नका हो. सूत कधी हलत नाही, तुम्हीच हलता," असं ते त्यांच्या तेलुगू वळणाच्या मराठीत बजावतात आणि वजनं चढवतात. किलोभर वाढलं की तो आठवडा भात बंद आणि संध्याकाळी तलावापर्यंत चालणं. कमी भरलं तर एक भाकरी जास्त. ती शिक्षा मी आनंदानं भोगतो.

असं सगळं सुरळीत चाललेलं, तर संक्रांतीला गड्ड्याच्या यात्रेसाठी अक्का आली मंगळवेढ्याहून, दुष्काळानंतर पहिल्यांदाच, ज्वारीचं पोतं घेऊन. दारातच थबकली.

"अगं बाई! दुष्काळ सरला की रे! मग तू कशाला असा वाळलायस?"

मी हसलो. ती रडली. आणि मला न विचारता देवळात जाऊन नवस बोलून आली, की भावाचं अंग पूर्वीसारखं भरू दे, त्याची गुळानं तुला करीन. वर तुझ्या सूनबाईला, म्हणजे माझ्या बायकोला, दम भरला, "उद्यापासून ह्याच्या पानात तूप मी वाढणार."

हा नवस मुळात तुझाच, आई. मी सात वर्षांचा. हिवतापातून नुकताच उठलोय. तू मला काखेत धरून देवळात आणतेस, एका पारड्यात मी, दुसऱ्यात गुळाच्या ढेपा. तुझ्या तोंडाकडं बघवत नाही. पारडं टेकतं, तू डोळे पुसतेस, गूळ वाटला जातो. संध्याकाळी सदरा झटकताना खिशातून अकरा गोट्या पडल्या. मी हलका भरलो तर तुला वाईट वाटेल म्हणून घातल्या होत्या. तू त्या माझ्या हातावर ठेवल्यास आणि एवढंच म्हणालीस, "ह्या अंगाला लागत नाहीत रे."

चार दिवस अक्काचं तूप खाल्लं. सोमवारी व्यापारी तागडीकडं बघत म्हणाले, "मास्तर, दीड किलो! पाहुणे आलेत काय घरी?" घरी येऊन मी अक्कापुढं पाय लांब केला. अंगठ्यावरचा वण दाखवला, डॉक्टर काय म्हणाले ते सांगितलं. आता पुन्हा फुगलो तर नुसता अंगठा जाऊन भागायचं नाही, हेही सांगितलं. तिनं वणावरून बोट फिरवलं.

"आणि मी मेली तूप वाढत बसले."

"नवसाचं काय करायचं, अक्का? शास्त्रात बघू का?"

"तू शाळेतली पोरं गप्प कर. देवाशी मी बोलते."

काय बोलली ते ती देवळातून परतल्यावर कळलं. भरू दे म्हटलं होतं ते राहू दे. आहे तेवढाच राहू दे, दरसाल तुला करीन, आणि गूळ वाढला तर वाढीव गूळ भावाच्या डोक्यावर ठेवून त्याला गावभर हिंडवीन. देवानं काय ते मान्य केलं असावं.

तुलेचा दिवस तिनं मुद्दाम पंधरवड्यानं धरला. दीड किलो उतरायला वेळ नको? परवा व्यापाऱ्यांची तागडी देवळात टांगली. मी सदऱ्याचे दोन्ही खिसे उलटे करून बसलो, चष्मासुद्धा बायकोजवळ दिला. अडुसष्ट किलो गूळ, ना खडा जास्त ना खडा कमी. अक्का तुझ्यासारखेच डोळे पुसते.

हे पत्र कुठं टाकायचं ते ठाऊक नाही, म्हणून गुळाच्या डब्यात ठेवतो. तो उघडायला मला बंदी आहे, तेव्हा तिथं ते सुखरूप राहील. मात्र ठेवायला म्हणून तो उघडावा लागला, आणि प्रसादाचा एक खडा तोंडात गेला. एवढासाच. पण हा अंगाला लागतो, आई. सोमवारी तागडी सांगेलच.