पिवळ्या पट्टीचा कौल

१९ ऑगस्ट १९३४. सदलग्याजवळची वाडी.
पंधरा दिवस पावसाचा थेंब नाही. आज चौथी म्हैस गेली, माझ्यादेखत. गंगाक्काच्या रानातला कोवळा, करपलेला जोंधळा खाल्ला, चार पावलं चालली, गुडघे टेकले. डोळे उघडेच. तोंडाला कडू बदामासारखा वास. एकट्या विधवेचं रान. सगळ्यांनी एकदम तिच्याकडे पाहिलं. कुणी ओरडलं नाही, नुसते 'करणी' म्हणून कुजबुजले. ओरडले असते तर बरं वाटलं असतं.

२० ऑगस्ट. बेळगाव.
के.रावांना गाठलं. शाळेत रसायन शिकवतात. म्हणाले, करणी कसली, सायनाइड. जोंधळा तहानला की कोवळ्या पानांत होतं. भाजल्यावर लावतात ते पिवळं औषध, थोडा सोडा. त्यात टिपकागद बुडवून पट्ट्या दिल्या. पाला चेचून बाटलीत घालायचा, वर पट्टी टांगायची, बूच. विष असेल तर लाल. त्यांची बोटं हळद लागल्यासारखी. आठवडाभर जात नाही म्हणे.
"भाषण आवरा. पट्टी बोलेल." गावोगाव व्याख्यानं देत फिरणाऱ्या मला टोमणा पोचला.

२२ ऑगस्ट. वाडी.
चावडीपुढे दोन बाटल्या. एकीत आक्काचा पाला, दुसरीत पाटलांच्या विहिरीखालच्या रानातला. तासभर बोललो. शेवटी हात उंचावून, "माणूस खोटं बोलेल, हा कागद बोलणार नाही!" टाळ्या.
दुपारी आक्काची पट्टी विटेसारखी लाल. पाटलांची पिवळीच. पाण्याचा फरक समजावत राहिलो, पण...
तात्या पुजारी शांतपणे म्हणाला, "व्हय, खोटं न्हाय बोलत कागद. तिच्याच रानात लाल झाला न्हवं?"
आक्काला सांगितलं, उभं पीक काप, खोपीत टाक, गुरांच्या तोंडी लागायला नको. तिनं मुकाट्यानं केलं.

२४ ऑगस्ट.
पेटीतल्या पट्ट्या कमी. कळलं ते असं: तात्यानं एक देवीपुढं ठेवली होती, फुलं लावून कौल घेतात तशी. आता सांजेला आक्काच्या खोपीत टांगणार. ती रोज तिथंच झोपते. तिला आत ठेवून बाहेरून कडी. उगवतीला लाल निघाली तर आक्कानं गाव सोडायचं, रान देवीला.
"अरे, आत तोच पाला आहे!" मी ओरडलो.
तात्या हसला. "तुमीच ठेवाय लावला न्हवं, अण्णा?"
आक्काला म्हटलं, पाला हलवू. "नगं. हलवला तर म्हनतील, भ्याली. तुमी बोलला तेवढं लई झालं. आता गप ऱ्हावा."

२५ ऑगस्ट. तांबडं फुटतंय.
खोपीसमोर दगडावर बसून लिहितो आहे. सगळं गाव भोवती. फटीतून तोच कडू वास. की माझ्याच नाकात बसलाय?
कडी मी काढायची, पट्टी मी आणायची. कागद तुमचा, म्हणतात. आत क्षणभर गावाच्या नजरेआड असेन, पट्टी बदलण्याइतका. खिशात एक पिवळी पट्टी शिल्लक आहे. वीस वर्षं व्यासपीठांवर एकच सांगत आलो, डोळ्यांना दिसेल तेच माना.
आतून खोकल्याचा आवाज. "अण्णा, उघडा की."
खिशातली पट्टी मुठीत घेतली. घामानं भिजली आहे. आता पाहिलं, बोटं पिवळी झाली आहेत. तात्याही माझ्या बोटांकडेच पाहतो आहे.