गप्प बसलेल्या सर्व्हरांची तपासणी

झ्रेन्यानिन, सोमवार

ती. देसांकाताई,

धाकट्या वेलिमिरचा नमस्कार. गुडघे कसे आहेत? आलुबुखाराची घरची दारू, आपली राकिया, चोळतेस की पितेस? (दोन्हीनं बरं वाटतं, असं डॉक्टर सोडून सगळे म्हणतात.)

आमच्या पाणीपुरवठा कचेरीतले सर्व्हर रोज सकाळी मुख्य कचेरीला स्वतःची सगळी हकीकत कळवत: ताप किती, पंखे कसे फिरतात, डिस्क किती भरली. ते वाचताना मला आपली शाळा आठवे. शेगडीभोवती उभं राहून आपण कविता म्हणायचो आणि बाई डोळे मिटून ऐकायच्या. पण इतकं आतलं बाहेर जाऊ नये म्हणून नवं अपडेट आलं: फक्त नाव आणि 'ठीक आहे', एवढंच कळवायचं. ते खरंच तसं चालतं का, हे तपासायचं काम माझ्याकडे. साहेब म्हणाले, "वेलिमिरकाका, हे जमलं तर निवृत्तीनंतरही कचेरीतली ही राहायची खोली तुमची." (या खोलीशिवाय मी जाऊ कुठे, ताई?)

अपडेट केलं, चहा घेऊन आलो आणि पाहतो तर काय, सर्व्हरांनी एक अक्षरही बाहेर पाठवलेलं नाही! कमी बोला म्हटलं, तर यांनी मौनच धरलं. आनंदाच्या भरात 'उत्तम' असा शेरा मारून सही ठोकली. तेवढ्यात बिलांच्या खिडक्या बंद पडल्याचे फोन सुरू. धावत सर्व्हरच्या खोलीत गेलो तर आत भट्टी, सगळे सर्व्हर तापून बंद, आणि गार हवेच्या झरोक्यात उशी कोंबून आमच्या हिशेबनीस रादोय्काबाई निवांत विणत बसलेल्या.

"अहो बाई, हे काय केलंत?"

"काय म्हणजे? केवढा झोत येतो मानेवर! माझे मावसे असल्याच झोतानं गेले."

"तुमचे मावसे नव्वदी उलटून गेले!"

"झोत नसता तर अजून असते!"

यावर माझ्यामागून धावत आलेल्या साहेबांनी गंभीरपणे स्वतःची कॉलर वर केली. (आपल्या लोकांना पूर चालतो, वाऱ्याचा झोत नाही. आणि सर्व्हर तरी बिचारे काय करणार? ताप चढल्याचं कळवू नका, असं आपणच त्यांना शिकवलेलं.)

उशी काढली. सर्व्हर निवले, उठले आणि शहाण्या मुलांसारखे नाव सांगून 'ठीक आहे' म्हणाले. पुन्हा पुन्हा तपासलं. तेवढंच, त्याहून काही नाही. म्हणजे माझी सही चुकून का होईना, बरोबर निघाली. खोली राहिली. पण सकाळ आता फार लवकर संपते गं.

तुझा,
वेलिमिर

ता. क. अपडेटच्या आधीचा शेवटचा लांबलचक अहवाल मी छापून घेतला होता, तो सोबत जोडला आहे. रविवारी फोन करीन तेव्हा मला चालीत म्हणून दाखव. पंख्यांच्या ओळीवर जरा सूर लांबव.

पुन्हा ता. क. ही माहिती कचेरीबाहेर जाता कामा नये, म्हणूनच तर एवढा खटाटोप केला. तेव्हा हळू आवाजात म्हण.