कॅसेटच्या शेवटचा हुंदका

छत्रपती संभाजीनगर,
३ फेब्रुवारी २०२५

ती. आदिनाथदादास,

सा. न. वि. वि. नमस्कार रीत म्हणून. तुझा नंबर ब्लॉक केलाय, तो तसाच राहील, म्हणून कागद.

आईच्या वर्षश्राद्धाला तू सगळ्या भावकीसमोर स्पीकरवर जे लावलंस, ते आईचं वाजवणं नव्हतं. पत्राऐवजी दर दिवाळीला फराळाच्या डब्यात स्वतःच्या पियानोची कॅसेट तुझ्या घरून मला पाठवायची, ही तिची पद्धत. शेवटची कॅसेट मी रोज ऐकलीय. त्यातला वॉल्ट्झ, म्हणजे विलायती नाचाची धून, संथ आहे. एक-दोन-तीनमधला प्रत्येक 'एक' पाय ओढत आल्यासारखा. पट्टी खालची, पांढरी चार, गंधार कोमल. ती कॅसेट विश्वासानं चार दिवस तुझ्या हवाली केली, तर तू दुकानातून कॉपी करून आणलीस ती वरच्या पांढरी सहात, वरातीतल्या घोड्यासारखी उड्या मारणारी. शेवटी आई हुंदका देते, तोही कापलास; शेवटपर्यंत बसलेल्यांना तो ऐकूच आला नाही. कुणाला वाचवायला?

माझा जिना तिला चढवत नाही, या सबबीवर तू तिला पियानोसकट वैजापूरला नेलंस. तिथं तनुजावहिनीनं तिला रडवलं, हे मी त्या दिवशी चारचौघांत बोलले. आजही तेच म्हणते.

कळावे. लोभाचं पुढं बघू.

रत्नमाला

*

वैजापूर,
१० फेब्रुवारी

चि. रत्नमालास,

अनेक आशीर्वाद. धाकटी आहेस, द्यावेच लागतात.

वॉल्ट्झ निम्मासुद्धा ऐकला नाहीस. भरलं ताट सोडून उठलीस आणि जाताना माझ्या बायकोवर डाग ठेवून गेलीस. त्या दिवसापासून तनुजा पियानोचं झाकण उघडत नाही. आई तिला शिकवत होती, हे तुला ठाऊक नसेल. ठाऊक व्हायला आधी विचारावं लागतं.

लय मी वाढवली नाही. सुरुवातीचं मोजणं आणि शेवटचं घरातलं बोलणं तेवढं काढायला लावलं, भावकीला ते कशाला ऐकवायचं म्हणून. पियानो इथं आहे, त्यावर सूर लावून बघितला. वॉल्ट्झ पांढरी सहातच आहे आणि आईनं तो नाचायच्या लयीत वाजवलाय. म्हातारं झालंय ते तुझं कॅसेटचं मशीन. आतलं रबर सैल पडलं की कॅसेट रेंगाळते, सूर खाली उतरतो आणि सगळंच रडल्यासारखं ऐकू येतं. उचलली जीभ लावली टाळ्याला, एवढंच तुला येतं. एकदा तुझ्या लग्नाची कॅसेट त्याच मशीनवर लाव.

कळावे. तुझा लोभ नसला तरी आमचं चाललंय.

आदिनाथ

*

छत्रपती संभाजीनगर,
१७ फेब्रुवारी

ती. दादास,

सा. न. वि. वि. पियानो तुझ्या घरात, सूर सांगणारा तू, आणि साक्षीला तुझी बायको. चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या! माझं मशीन आईनंच मला दिलेलं आहे, त्याला खोटं पाडू नकोस. वॉल्ट्झ बाजूला ठेव. हुंदका कुठं गेला, तेवढं सांग. माझ्या कानांनी ऐकलेलं आईचं रडणं तू रबरावर ढकलू शकत नाहीस.

कळावे. उत्तर नसेल तर लिहू नये.

रत्नमाला

*

वैजापूर,
२४ फेब्रुवारी

चि. रत्नमालास,

आशीर्वाद. तुझा हुंदका सोबतच्या पेन ड्राइव्हमध्ये आहे, न कापलेला. आधी लग्नाची कॅसेट लाव, मग हे ऐक. या खेपेला मधेच उठू नकोस. तनुजाला काय म्हणायचं ते त्यानंतर ठरव.

आदिनाथ

*

छत्रपती संभाजीनगर,
३ मार्च

ती. दादास,

सा. न. वि. वि. लग्नाची कॅसेट लावली. ह्यांनी घेतलेला उखाणा निघाला तो रेड्याच्या आवाजात. हे शेजारीच बसले होते. म्हणाले, "मी असा कधी बोललो गं?" मशीन खोटं निघालं.

मग तुझं ऐकलं, शेवटपर्यंत. आई एक-दोन-तीन मोजते ते तिच्याच आवाजात. वॉल्ट्झ पांढरी सहातच आहे. गंधार कोमलच, पण त्या लयीत तो रडत नाही, खोडी काढतो. आणि शेवटी आई हसते. हसत हसत म्हणते, "तनुजा, लई गिरक्या नको घेऊ, तव्यावरची पोळी करपंल." माझ्याकडं याच हसण्याचा हुंदका व्हायचा आणि बोलण्याची नुसती घुसमट.

आई तुमच्याकडं सुखात होती. मला आनंद झाला, असं खोटं लिहिणार नाही. तुझ्यावरचा राग तेव्हा होता त्याहून आज जास्त आहे. तो हुंदका होता तोवर मला वाटायचं, ती माझ्याकडं परत यायला निघाली होती.

वहिनीला चारचौघांत बोलले, तर मागंही चारचौघांतच घेईन. येत्या रविवारी भावकीला बोलाव. तुझ्या उंबऱ्याच्या आत पाऊल टाकणार नाही असं त्या दिवशी उठताना म्हणून बसलेय, तेव्हा दारात उभी राहून बोलेन. वहिनीला तेवढं बाहेर यायला सांग.

आईची कॅसेट सोबत पाठवतेय. ती तुमच्या घराची आहे.

कळावे. आईचा लोभ तिकडं होता. त्यातला काही उरला असेल तर माझ्यावर असू द्यावा.

रत्नमाला