यात लाल कुठे आहे

सर, आज दुपारी कॉलवर मी चिडले आणि तोंडून शब्द निघाले ते तुमचे. आपली मेलिंग लिस्ट आता माझ्याकडे आहे. तुम्ही देवाघरी गेल्यावर कुणी पुढे येईना, म्हणून ती माझ्या गळ्यात पडली. ग्रंथालयांचं ते मोफत सॉफ्टवेअर अजून चालतं, गावोगावचे ग्रंथपाल अडलं की अजून लिस्टवर विचारतात, एकाचं उत्तर सगळ्यांना जातं. तर गुरुग्रामचा एक जण म्हणाला, "मॅडम, रंग नाही, बोल्ड नाही, टाइपरायटरचा जमाना आहे का यार? एचटीएमएलवाल्या रंगीत मेल चालू करा, सगळीकडे चालतात." चौघांनी लगेच त्याची री ओढली. मी तुमचंच वाक्य म्हटलं, साधा मजकूर म्हणजे साधाच. तो म्हणाला, "अच्छा, पण का?" ते कारण मला पाठ होतं, पण सांगायचं म्हणजे स्वतःलाच आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करायचं.

साध्या मजकुराचा तुमचा तो नियम मी पहिल्यांदा वाचला तेव्हा मला तो नुसता हट्ट वाटला होता. पुण्याहून नोएडात नवी आलेली, डोक्यात हवा. तुम्ही काळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरांत मेल वाचायचात आणि आम्ही पाठीमागे हसायचो. मग लिस्टवर एक सूचना पाठवायचं काम माझ्याकडे आलं. ग्रंथालयाची यादी नव्या आवृत्तीत न्यायची, त्यासाठी कॉम्प्युटरला द्यायच्या आज्ञांच्या आठ ओळी. त्यातल्या दोन जुनी यादी पुसणाऱ्या, फक्त माहितीसाठी दिलेल्या. त्या मी छान लाल केल्या आणि वर लिहिलं, लाल ओळी चालवू नयेत. मेल गेली. लिस्टने तिच्या अंगावरचा सगळा साज उतरवला आणि नुसती अक्षरं पुढे पाठवली. ती तसंच करते, हे तुम्ही नियमातच लिहिलं होतं. मी तिथवर वाचलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तुम्ही मला बोलावलंत. मी उभी आहे, तुमचा पोह्यांचा डबा उघडा पडलाय, पडद्यावर माझी मेल. "यात लाल कुठे आहे, दाखव." मी म्हणते, सर, मी लाल केलं होतं, माझ्या सेंट फोल्डरमध्ये आहे, लिस्टनेच काढलं. नाचता येईना अंगण वाकडं. तुम्ही आवाज चढवत नाही, तेच भयंकर. "तुझ्या सेंटमध्ये काय आहे ते मी विचारलं नाही. इथे दाखव." आठ ओळी, आठही सारख्या.

मग तुम्ही स्पीकरवर फोन लावलात. पलीकडे मराठवाड्यातल्या एका कॉलेजच्या ग्रंथपाल बाई. चार वर्षं एकेक पुस्तक हातात घेऊन त्यांनी यादी टाइप केली होती, आणि ती गेली होती. "साहेब, मी दोनदा बघितलं," त्या म्हणाल्या. "माझ्याकडे एकही ओळ लाल नव्हती, म्हणून सगळ्या चालवल्या." त्यात त्यांचं काय चुकलं? काहीच नाही. मग त्या बोलत सुटल्या, ज्या कुणी हे लिहिलं त्याला एकदा माझ्यासमोर बसवा म्हणाल्या. तुम्ही माझ्याकडे पाहिलंत. मी पडद्याकडे बघायला लागले. तुम्ही फोनमध्ये म्हणालात, "आमच्याकडून चुकलं, बाई." नाव सांगितलं नाहीत. तीन आठवडे तुम्ही त्यांच्या जुन्या सीड्यांतून जमेल तेवढं परत काढून दिलंत, उरलेलं त्यांनी उन्हाळ्याच्या सुट्टीत पुन्हा टाइप केलं. मला तुम्ही नंतर एवढंच म्हणालात, "समोरच्याला काय दिसतं ते आधी बघत जा." आणि एक दिवस त्यांना स्वतः फोन कर, हेही म्हणाला होतात. मी हो म्हटलं होतं.

आज कॉल संपल्यावर मी लिस्टवर सगळा किस्सा लिहिला, साध्या मजकुरात. फक्त एक लबाडी केली. "ऑफिसातल्या एका नव्या मुलीने" असं लिहिलं. गुरुग्रामच्या पठ्ठ्याने अर्ध्या तासात माघार घेतली, "बिल्कुल पटलं मॅडम." मी खुर्चीत टेकते तोच पुढची मेल आली. बाईंची. त्या निवृत्त झाल्यात, डोळे पार अधू झालेत, आता कॉम्प्युटर त्यांना मेल वाचून दाखवतो. तो रंग वाचत नाही, म्हणून नियम राहू द्या, असं त्यांनी लिहिलंय. आणि खाली: "त्या मुलीला मी तेव्हा फार बोलले. ती अजून तुमच्याकडे आहे का? असेल तर सांगा, राग कधीच गेला. तिने एक फोन केला असता तर बरं वाटलं असतं."

सर, मला वाईट वाटतंय, आणि तुमचा रागही येतोय. त्या दिवशी स्पीकरवर नाव घेतलं असतंत तर एकदाच काय ते झालं असतं. हेही अंगण वाकडंच, कळतंय मला. बाईंच्या उत्तराची खिडकी उघडी आहे. तिच्यात मी "ती आहे" लिहिलं, पुसलं, "मी" लिहिलं, पुसलं. मग हे लिहायला घेतलं. तुम्हाला लिहिणं सोपं आहे, तुम्ही वाचणार नाही. त्या वाट बघतायत.